फेणीने काढलेला डाग

मालवणातल्या मेढा वाडीत प्रेमलतेचं नाव निघालं की बायकांना आधी आपलं एखादं डागाळलेलं कापड आठवे, मग प्रेमलता. काजूच्या बोंडाचा डाग, फणसाचा चीक, केळफुलाचा काळा रस, सोलकढीचा लाल ओघळ, बांगड्याच्या तिखट कालवणाचं पिवळं वर्तुळ. परटाने हात टेकले की ते कापड पदराखाली लपवून बायका तिच्या मागच्या पडवीत येत. प्रेमलता ते उजेडात धरी, हुंगे आणि आधी पोटभर झाडून घेई. "आता आणतंस? चार दिस काय तेची पूजा करी होतंस?" मग लिंबू, मीठ, पेज, कधी राख, कधी नुसतं ऊन. डाग जाई. मोबदला म्हणून ती सुपारीचं खांडही घेत नसे. तिला फक्त एवढंच हवं असे, की त्या बाईने चार लोकांत सांगावं, "ह्यो डाग प्रेमलता वैनीन काढलो."

तिचा दुसरा गुण असा की तिला हेवा वाटे. कुणाचाही. शेजारच्या जास्वंदीला चार फुलं जास्त आली तरी तिला जेवण गोड लागत नसे. समोरच्या घरातली म्हातारी झोपेत शांतपणे गेली, तेव्हाही "नशीब बघा एकेकाचा" असं ती म्हणाली होती. पण हे सगळे किरकोळ हेवे. तिचा खरा, रोजचा, ताजा हेवा अंगणाच्या पलीकडे राहत होता. त्याचं नाव वर्षाली.

वर्षाली ही धाकटी जाऊ, देवगडची, कलमांच्या बागेतली. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात तिच्या माहेरून हापूसच्या पेट्या आल्या, आणि सासूने एक आंबा नाकाला लावून म्हटलं, "असो वास ह्या घरात कधी इलो नव्हतो." प्रेमलता तेव्हा शेजारीच नारळ खवत बसली होती. त्या दिवसापासून तिने देवगडचा आंबा कधी आवडीने खाल्ला नाही. खाल्ला, पण आवडीने नाही.

प्रेमलतेचा नवरा काशीराम एस.टी. स्टँडवर कंट्रोलर होता. दिवसभर मायकावरून कणकवली आणि कुडाळच्या गाड्या पुकारायचा आणि घरी येऊन मुका बसायचा. त्याचा धाकटा भाऊ, वर्षालीचा नवरा स्वरूप, मात्र हुशार निघाला. तारकर्लीला मुंबई-पुण्याची माणसं समुद्र बघायला येऊ लागली, तसा त्याने आधी दोन खोल्या आणि मग अख्खं लॉज उभं केलं. त्याच अंगणात पलीकडच्या अंगाला नवं घर बांधलं. त्या घरात गुळगुळीत लादीचा मोठा हॉल केला, आणि दोन हजार सातच्या उन्हाळ्यात त्या हॉलमध्ये कोल्हापूरहून टेम्पोतून सोफा आला.

सोफा खऱ्या चामड्याचा होता. जुन्या गुळाच्या रंगाचा, जाड हातांचा, बसलं की हळूच खाली जाणारा. सगळा मेढा येऊन त्यावर बसून गेला. पोस्टमनसुद्धा बसला. प्रेमलताही बघायला गेली, पण बसली नाही.

"बसा मा वैनी," वर्षाली म्हणाली.

"नको गो, चुलीर भात आसा माझो."

पुढे कधीही गेली तरी प्रेमलतेच्या चुलीवर भात असेच. भात नसला तर ती खिडकीजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर टेकायची. बाहेर येऊन बायकांना सांगायची, "चामड्यार बसान पाठ घामता. ह्या हवेत कोण घेता असलां?" बायका मान डोलवायच्या आणि संध्याकाळी पुन्हा सोफ्यावर जाऊन बसायच्या.

तिला आता एकच आशा होती. एवढ्या माणसांचा राबता, कोणी ना कोणी काहीतरी सांडणारच. मग वर्षालीने अंगण ओलांडून आपल्या पडवीत यावं आणि म्हणावं, "वैनी, माझ्याच्यान होत नाय, तुमीच बघा." बस्स. त्या एका वाक्यासाठी प्रेमलतेने अख्खा उन्हाळा काढला. पावसाळ्यात सोफ्यावर पांढरी बुरशी धरली तेव्हा तिला वाटलं, आली वेळ. पण वर्षालीने कोरड्या फडक्याने ती पुसली, पंखा लावून ठेवला, आणि बुरशी मुकाट गेली. प्रेमलतेला त्या बुरशीचाच राग आला.

गणपती गेले. त्यानंतरच्या एका सोमवारी ती काशीरामचे कपडे धुवायला बसली, तर शर्टाच्या खिशाखाली निळीभोर शाई. बॉलपेनची रिफिल पार रिकामी झालेली. शाई नुसती गळली नव्हती, दाबली जाऊन पसरली होती.

"ह्यां काय झाला?" तिने विचारलं.

"स्टँडार पेन गळला," काशीराम म्हणाला.

"स्टँडार तुमी पालथे निजतात?"

मायकावर कधी न अडखळणारा माणूस अडखळला. "काल वायच स्वरूपाकडे मॅच बघी होतंय. डोळो लागलो."

"सोफ्यार?"

"सोफ्यार."

"आणि हयसर खुर्ची आसा, तिच्यार तुमका कधी झोप इली नाय ती?"

"खुर्ची टोचता गो," काशीराम म्हणाला, आणि आपण काय बोललो ते त्याला बोलून झाल्यावर कळलं. ती आरामखुर्ची प्रेमलतेच्या माहेरची होती. तिच्या बापाने फणसाचं लाकूड निवडून ती करून घेतली होती. सोफ्याने आंबे नेले, माणसं नेली, आता नवराही नेला, असं काहीसं तिच्या मनात आलं, आणि आंबे सोफ्याने नेले नव्हते हे तिला सुचलंही नाही. तिचे डोळे भरून आले. पण भरल्या डोळ्यांनीच तिच्या लक्षात आलं की शर्टावर एवढी शाई आहे, म्हणजे तिकडे सोफ्यावरही असणार. आणि तिला बरं वाटलं.

वाटी परत द्यायच्या निमित्ताने ती लगेच पलीकडे गेली. सोफ्याच्या डाव्या बाजूला बैठकीवर क्रोशाचा एक नवा रुमाल पसरलेला होता. वर्षालीने वाटी घेतली आणि आत नेऊन ठेवली. प्रेमलता रुमालाकडे एकदा बघून निघाली. घरी येऊन तिने पडवी झाडली, बसायला पाट मांडला आणि वाट बघत बसली.

त्या दिवशी वर्षाली आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. बुधवारी सकाळी ती आपल्या ओसरीवर कोल्हापूरच्या दुकानदाराशी फोनवर बोलत होती, ऑफिसातल्यासारखं शुद्ध, आणि प्रेमलता तुळशीला पाणी घालत होती. तुळशीला त्या दिवशी फार पाणी मिळालं. "हो, बॉलपेनचीच शाई आहे," वर्षाली सांगत होती. "नाही, काहीच लावलेलं नाही. तुमचा माणूस येईपर्यंत कुणालाही हात लावू देणार नाही."

प्रेमलतेच्या हातातला तांब्या तसाच राहिला. डाग काढायला कोल्हापूरचा माणूस! अख्ख्या मेढ्याचे डाग काढणारी बाई पंधरा पावलांवर उभी असताना, घाट उतरून कोण कुठला माणूस येणार? आणि ते 'कुणालाही'! दुकानदाराने जे सांगितलं तेच वर्षाली कबूल करत होती, हे लहान पोरालाही कळलं असतं. पण प्रेमलतेला वाटलं की 'कुणालाही' म्हणजे आपल्यालाच. तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

दुपारी वर्षाली लॉजवर गेली. तिच्या घराची चावी नेहमीप्रमाणे प्रेमलतेच्या दारामागच्या खिळ्याला टांगलेली होती. प्रेमलतेने ती काढली, कापूस घेतला, आणि फडताळातून फेणीची बाटली काढली. ही फेणी बांद्याची राधाबाई आते, म्हणजे सासऱ्याची बहीण, दर वर्षी काशीरामच्या गुडघ्यांना चोळायला आणून देई. काजूची, डबल काढलेली, नाकाजवळ नेली तरी डोळ्यांत पाणी आणणारी. तिचा दुसरा उपयोग फक्त प्रेमलतेला ठाऊक होता. बॉलपेनची शाई साबणाला दाद देत नाही, पण फेणीत विरघळते. काशीरामचे किती शर्ट तिने असे वाचवले होते.

रुमाल उचलला. डाग अगदी रुपयाएवढा होता. एवढासा! तिला थोडी निराशाच वाटली. कापसाचा बोळा फेणीत बुडवून तिने डागावर फिरवला. बोळा निळा झाला. दुसरा घेतला, तोही निळा झाला आणि सोफ्यावरचा डाग फिका पडला. "येवंदे आता कोल्हापूरचो माणूस," ती मोठ्याने म्हणाली. तिला तेव्हा इतका आनंद झाला की तिने वर्षालीचं उद्याचं बोलणंही मनात रचलं: वैनी, तुमी होतात म्हणान.

तिसरा बोळा तपकिरी निघाला.

प्रेमलतेने तो उजेडात धरला. हा कसला रंग? आणि मग तिच्या तोंडावर हसू पसरलं. मळ! एवढा महागाचा सोफा, येता-जाता फडकं मारणारी वर्षाली, आणि आत बघा केवढा मळ! बायकांना सांगायला ही गोष्ट शाईपेक्षाही चांगली होती. तिने बोळ्यावर बोळे घेतले. जितका मळ निघे तितका तिला हुरूप येई. शेवटी मनगट दुखायला लागलं तेव्हा ती थांबली, पंखा लावला आणि उभं राहून बघू लागली.

फेणी उडाली, जागा वाळली. शाई गेली होती. सोफ्याचा रंगही गेला होता. गुळाच्या मधोमध ताटलीएवढा पांढुरका, भुंडा चट्टा पडला होता. कापडाचा रंग धाग्यात मुरलेला असतो, चामड्याचा वरच्या वर बसवलेला असतो, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि विचारायची तिला सवय नव्हती. घाबरून तिने खोबरेल चोळलं, तर चट्ट्याच्या भोवती काळपट कडा उमटली. रुमाल टाकला, तर चट्टा रुमालाच्या चारी बाजूंनी बाहेर डोकावू लागला. घरभर फेणीचा दर्प. प्रेमलतेने खिडक्या उघडल्या, बोळे पदरात गोळा केले आणि अंगण ओलांडून घरी पळाली.

संध्याकाळी वर्षाली चावी मागायला आली. हाताला येणारा फेणीचा वास तिला लागू नये म्हणून प्रेमलतेने चावी लांबूनच पुढे केली. वर्षाली आत गेली. प्रेमलता पडवीत उभी राहून कान देत होती. भांडणाची तिने जय्यत तयारी ठेवली होती. "शाई गेली की नाय सांग," हे पहिलं. "घरचा माणूस टाकून परक्याक बोलवतंस," हे दुसरं. ओरडा होईल, मेढा जमेल, पण आपलं बोलणं कमी पडायचं नाही.

थोड्या वेळाने वर्षाली परत अंगणात आली. प्रेमलतेकडे बघत उभी राहिली. मग म्हणाली, "वैनी, भावोजींचे गुडघे कशे आसत?"

"बरे आसत," प्रेमलता म्हणाली.

"बरां," वर्षाली म्हणाली, आणि गेली.

तेवढंच. प्रेमलतेचं सगळं रचलेलं भांडण घशातच राहिलं. दोन दिवसांनी कोल्हापूरचा माणूस आला. त्याने रुमाल उचलला आणि विचारलं, "शाई काढायचं औषध आणलंय मी. पण शाई कुठाय?" वर्षालीने त्याला चहा दिला, नारळ दिला, कोणाचंही नाव न घेता वाटेला लावलं. प्रेमलतेने हे खिडकीआडून ऐकलं. तिला लाज वाटली, हे खरं. पण लाजेच्या वर जळफळाट होता. शिवी दिली असती तर फिट्टंफाट झाली असती. ही बाई शिवीसुद्धा देत नव्हती!

आठवड्याने वारलेल्या सासूचा म्हाळ, म्हणजे पितृपक्षातलं श्राद्ध, आला. म्हाळ आजवर थोरल्याच्या घरी व्हायचा, म्हणजे प्रेमलतेच्या. यंदा स्वरूप म्हणाला, माणसं खूप, हॉल मोठा, आमच्याकडेच करूया. प्रेमलता म्हणाली, "पितरांचा कार्य आणि घरात चामडा?" त्यावर आदल्या दिवशीच बांद्याहून येऊन बसलेली राधाबाई आते म्हणाली, "भजनातलो पखवाज कसलो आसता गो? केळीच्या पानाचो?" सगळे हसले, आणि म्हाळ पलीकडे गेला.

भटजी झाले, कावळ्याला पान ठेवून झालं, पंगती उठल्या. वडे आणि काळ्या वाटाण्याची उसळ प्रेमलतेने केली होती, तिची स्तुती झाली, पण ती वर्षालीच्या स्वयंपाकघरात शिजली होती. जेवून माणसं हॉलमध्ये टेकली. प्रेमलता पानाचं तबक घेऊन आत आली, तेवढ्यात राधाबाईने सोफ्यावर बसण्यासाठी त्यावर आता अंथरलेली चादर बाजूला केली.

"अगो बाय! ह्यां काय झाला?"

हॉलमध्ये सगळ्यांच्या माना वळल्या. प्रेमलतेच्या हातातलं तबक जड झालं. आता वर्षाली बोलणार.

"लॉजवरचे पावणे इल्ले आते," वर्षाली शांतपणे म्हणाली. "तेंच्या पोरान कायतरी सांडल्यान."

"मगे तू काय बोल्लंस तेंका?"

"काय बोलतलंय? मुद्दाम थोडा केल्यानी? चुकला. माणसापेक्षा सोफो मोठो नाय."

आणि एवढं बोलून तिने प्रेमलतेकडे पाहिलं. अर्धा क्षणच. त्या नजरेत राग नव्हता. क्षमा होती.

"बघा गो, मन बघा," राधाबाई भरल्या आवाजात म्हणाली. "माझी वैनी, तुमची सासू, आज आसती तर म्हणाली असती, ह्या घरातली मोठी सून खरी म्हणजे हीच."

प्रेमलतेने आंबे सोसले होते. घर सोसलं, लॉज सोसलं, सोफा सोसला, नवऱ्याची झोप सोसली. पण मोठेपणा? जन्मभर जपलेलं तेवढं एकच तिचं होतं. आणि तिने केलेल्या चुकीवर उभी राहून वर्षाली तेही घेऊन चालली होती! तिने तबक धाडकन टीपॉयवर ठेवलं.

"पावण्याचा पोर खंयचा?" ती म्हणाली. "मीच केलंय तां. फेणी लावलंय. तुमीच आणलेली, आते!"

आपण आत्ता स्टँडवर असतो तर बरं झालं असतं, असा चेहरा करून काशीराम बसला. मग राधाबाईच्या पोटात हसू उसळलं. "फेणी? चामड्याक? तरीच म्हटलां, बसल्याबरोबर गुडघे बरे कशे वाटतत!" आणि सगळा हॉल फुटला. बायका प्रेमलतेभोवती गोळा झाल्या. पहिल्यापासून सांग, म्हणाल्या. प्रेमलतेने सांगितलं, निळा बोळा, तपकिरी बोळा, मळ समजून चोळलं ते, खोबरेल, सगळं. सांगता सांगता तीही हसायला लागली. "खरां सांगूक छाती लागता," कोणीतरी म्हणालं. "दुसरी आसती तर गप रवली असती." चट्टा बघायला सगळे उठले, आणि तो चट्टा प्रेमलतेचाच झाला.

वर्षाली पानाचं तबक घेऊन कोपऱ्यात उभी होती. पान घ्यायला तिच्याकडे कुणी येत नव्हतं. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते, नजर बायकांच्या घोळक्यावर होती. हा चेहरा प्रेमलतेला ओळखीचा वाटला. कुठे बघितलाय ते तिला लगेच कळलं, आणि ती हसायची थांबली.

माणसं गेली. काशीराम आणि स्वरूप राधाबाईला बांद्याच्या गाडीत बसवायला गेले. दोघी जावा हॉलमध्ये उरल्या, प्रेमलता खरकट्या पत्रावळी उचलत, वर्षाली लादी पुसत.

"वैनी," वर्षाली लादीकडे बघत म्हणाली, "एकदा तरी माका मोठी होवक दिलात आसता तर तुमचा काय गेला असता?"

प्रेमलतेने आणखी एक पत्रावळ उचलली.

"सोफो कित्याक घेतलंय, म्हायत आसा? लोकांनी माझ्या घरात येवन बसूचा म्हणान. येतत. बसतत. आणि इचारतत, प्रेमलता वैनी खंय दिसणत नाय ती? तुमी एक दिस बसलात नाय हयसर." तिचा आवाज चिरला. "डाग पडलो तेव्हा पयली तुमचीच आठवण झाली. आणि मुद्दाम बोलवक नाय. म्हटलां, ह्या घरातलो एक डाग तरी तुमच्याशिवाय जावदे."

जी गोष्ट ऐकायला मिळावी म्हणून प्रेमलतेने एवढी वर्षं घालवली, ती हीच होती. वर्षालीला तिचा हेवा वाटत होता. देवगडच्या वर्षालीला, लॉजवाल्या वर्षालीला. प्रेमलतेला आनंद झाला, नाही असं नाही. पण लादीवर उकिडवी बसून, डोळ्यांतलं पाणी कोपराने पुसत असलेल्या त्या बाईकडे बघून तिला तो नीट उपभोगता येईना. तिने पत्रावळ खाली ठेवली, हात पदराला पुसले, आणि जाऊन सोफ्यावर बसली. बरोबर चट्ट्यावर.

वर्षाली मान वर करून बघतच राहिली.

"बघतंस काय?" प्रेमलता म्हणाली. "भात नाय आज माझ्या चुलीर. आणि उद्या ती तुझी मोरपिशी साडी घेवन ये. पदराच्या काठाक तेलाचो डाग आसा. गणपतीतच बघलंय मी."

"येतलंय," वर्षाली नाक ओढत म्हणाली. "पण फेणी नको."

प्रेमलता मागे रेलली. सोफा हळूच खाली गेला, पाठीला कुठेही टोचलं नाही, दिवसभराचं कंबरेचं दुखणं विरघळल्यासारखं झालं. काशीरामला इथे का झोप लागते ते तिला आता कळलं. आणि गेले चार महिने सगळा मेढा ह्या सुखात बसत होता, पोस्टमनसुद्धा, आणि आपण प्लास्टिकच्या खुर्चीवर, ह्या विचाराने तिला सगळ्यांचा नव्याने हेवा वाटू लागला.